लाल रंगातल्या वस्त्या

अमेरिकेतल्या शहरांचे 1930च्या दशकातले काही नकाशे आहेत. सरकारी गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरं हिरवा, निळा, पिवळा आणि लाल अशा चार रंगांत विभागली. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळजवळ नेहमीच लाल, मग तिथली घरं कितीही नीटनेटकी असोत. लाल म्हणजे कर्ज देणं धोक्याचं. रिचर्ड रॉथस्टीन यांच्या ‘द कलर ऑफ लॉ’ या पुस्तकामुळे मी या नकाशांपाशी पोहोचलो. इथला अन्याय चाबूक उगारून केलेला नाही. कचेरीत बसून, शिक्के मारून केलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने घरासाठी, शेतीसाठी, धंद्यासाठी कर्जाची हमी दिली. 1947 साली मिसिसिपीतल्या काही शहरांत पाहणी झाली, तेव्हा अशा 3,229 कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली निघाली फक्त दोन. युद्ध तेच, गणवेश तोच! या आकड्यापुढे माझं वाचन थांबलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनमध्ये हजारो स्वस्त घरं उभी राहू लागली, आणि गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहायचं नाही, असं करारातच लिहिलेलं होतं. ज्याला घर मिळालं, त्याची मुलं त्या घराच्या वाढत्या किमतीच्या आधाराने शिकली. नातवाला ते वारशाने मिळालं. नातवाने आयुष्यात कुणाचा द्वेष केला नसेल. तरी त्याच्या गाठीला जे आहे, ते त्या करारातून आलेलं आहे. गोरेपणाचा लाभ म्हणतात तो हाच.

जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. दीडशे वर्षांपूर्वी त्यांना दिसलेला, तिथली गुलामी आणि इथली जात यांना जोडणारा हा धागा धरला, की आपल्या घराकडेही पाहावं लागतं. माझे पणजोबा ज्या शाळेत शिकले, तिथे गावकुसाबाहेरच्या मुलांना प्रवेश नव्हता. माझ्या घरातलं पुस्तकांचं कपाट तिथून सुरू होतं.

अमेरिकेतल्या मराठी माणसांनी तर हे वाचायलाच हवं. 1946 ते 1965 या काळात भारतीयांना तिथे स्थायिक होण्यासाठी वर्षाला जेमतेम 100 जागा होत्या. वंशावर बेतलेला तो कायदा 1965 साली बदलला, आणि त्यामागे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचं बळ होतं. तेव्हा घर शोधताना कुणी ‘तो एरिया बरा नाही’ म्हणालं, तर आधी त्या शहराचा जुना नकाशा पाहा. बहुतेक शहरांचे नकाशे आज इंटरनेटवर मोफत पाहता येतात.