८५० सीसी आणि चाचांचं गॅरेज

२०२७ च्या मोसमापासून मोटोजीपीच्या गाड्या बदलणार आहेत. मोटारींमध्ये जसं फॉर्म्युला वन, तसं मोटरसायकलींमध्ये मोटोजीपी. तिथे आता इंजिन १००० सीसीवरून ८५० सीसीवर येणार, टाकी २२ लिटरची २० लिटर होणार, आणि त्या टाकीत खनिज तेलापासून बनलेला एक थेंबही नसणार.

तुम्ही म्हणाल, बारामती-इंदापूरच्या माणसाला याचं काय? आहे, बऱ्यापैकी आहे. या शर्यतीत इटलीची अप्रिलिया उतरते. अप्रिलिया ही पियाजिओची, आणि पियाजिओचा कारखाना आपल्या बारामतीच्या एमआयडीसीत. आपल्या रस्त्यांवर धावणारी अ‍ॅपे रिक्षा तिथलीच. अप्रिलियाची आरएस ४५७ ही स्पोर्ट्स बाइकही तिथेच बनते आणि परदेशात जाते. ती शर्यतीची गाडी नव्हे, शर्यतीची गाडी इटलीत तयार होते. पण टाकीवरचं नाव एकच. २०२२ मध्ये अर्जेंटिनात अलेइश एस्पारगारोने अप्रिलियाला मोटोजीपीतला पहिला विजय मिळवून दिला. आमच्याकडची पोरं रविवारी मोबाईलवर शर्यत बघतात, आणि अप्रिलियाने कुणाला मागे टाकलं की ओरडतात, "बारामती पुढं गेली!"

आता नियम का बदलतायत ते बघू. पहिलं कारण वेग. २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या ट्रॅकवर ताशी ३६६ किलोमीटरची नोंद झाली. वेग वाढत जातो, पण घसरलेल्या स्वारासाठी ट्रॅकच्या कडेला सोडलेली मोकळी जागा तेवढीच राहते. दुसरं कारण हवा. गेल्या काही वर्षांत या गाड्यांना पंख फुटले. पंखांमुळे गाडी जमिनीला दाबून राहते, पण मागून येणाऱ्याला खवळलेली हवा मिळते आणि पुढे जाणं अवघड होतं. तिसरं, गाडी धावता धावता मागून खाली बसवणारं यंत्र. वळणातून बाहेर पडताना पुढचं चाक उचलू नये म्हणून ते लावतात. २०२७ पासून हे यंत्र बंद. पुढचा पंख ५० मिलिमीटरने अरुंद. गाडीचं किमान वजन १५७ किलोवरून १५३ किलो. थोडक्यात, यंत्राचा हात थोडा सैल करून स्वाराच्या मनगटाला काम द्यायचं.

इंजिन लहान करण्याचा प्रयोग पूर्वीही झालाय. २००७ मध्ये ९९० सीसीवरून ८०० सीसीवर आणलं. सरळ रस्त्यावरचा वेग आवरायचा होता, पण हलक्या गाड्या वळणांतच जास्त जोरात जायला लागल्या. २०१२ मध्ये पुन्हा १००० सीसी आलं. तेव्हा तिथेही नियम करणारे काही सर्वज्ञ नाहीत. मला कौतुक वाटतं ते नियमांचं नाही, ते आणण्याच्या रीतीचं.

हे नियम जाहीर झाले मे २०२४ मध्ये. म्हणजे कंपन्यांना अडीच वर्षांहून जास्त वेळ. फॉर्म्युला वनचंही तसंच. २०२६ च्या इंजिनाचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये मंजूर झाले. विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॉटवरून ३५० किलोवॉट, गाडी ३० किलोने हलकी, सरळ रस्त्यावर आणि वळणावर वेगळे कोन घेणारे पंख, आणि इंधन पूर्णपणे शाश्वत. नियम मंजूर होऊन दहा दिवस होतात तोच ऑडीने आपण उतरतोय असं सांगितलं, कारण तयारीला पुरेशी वर्षं हातात होती.

मोटोजीपीत अजून दोन गोष्टी आहेत. एक, मागे पडलेल्या कंपनीला सराव आणि इंजिनांच्या बाबतीत जास्त सवलत मिळते. दोन, २०२७ पासून सगळ्या स्वारांची जीपीएस माहिती सगळ्या संघांना मिळणार. इंधनही एका रात्रीत बदललेलं नाही. २०२४ पासून ४० टक्के बिगरखनिज, आणि २०२७ ला शंभर. आधी सांगायचं, पायरी-पायरीने जायचं, माहिती सगळ्यांना द्यायची आणि कमजोर असेल त्याला जास्त हात द्यायचा. नियमबदल असा असावा.

आता हीच फूटपट्टी घेऊन बारामती-इंदापूर रस्त्याने या. सणसर, भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी. दोन्ही बाजूला ऊस. शर्यतीच्या टाकीतलं इंधन बदलायला अजून अवकाश आहे, आपल्या टाकीतलं कधीच बदललंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि बघता बघता सगळीकडे पोचलं. आधी हे उद्दिष्ट २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं.

आमच्या घरात या बदलाच्या दोन्ही बाजू एकाच दस्तरखानावर बसतात. मामूंचा भवानीनगरकडे थोडा ऊस आहे, नीरा डाव्या कालव्यावर. चाचांचं इंदापुरात दुचाकींचं गॅरेज.

मामूंचं म्हणणं सरळ आहे. साखर वर्षभर थोडी थोडी विकली जाते, इथेनॉलचा पैसा कारखान्याला लवकर मिळतो. कायदा सांगतो, ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे. ते चौदा दिवस पाळायला इथेनॉलने मदत होत असेल तर मामू का नाही म्हणतील? पण डिसेंबर २०२३ त्यांच्याही लक्षात आहे. गाळप जोरात सुरू होतं, आणि ७ तारखेला आदेश आला की उसाच्या रसापासून इथेनॉल बंद, लगेच. साखर कमी पडेल अशी भीती होती, कारण खोटं नव्हतं. आठवड्याभराने मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि पुढच्या हंगामासाठी बंदी उठली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. डिस्टिलरीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र कुठल्याच आदेशाने थांबत नाही.

चाचांकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या, कार्बोरेटरवाल्या. दूधवाले, भाजीवाले, गवंडी, हे त्यांचं गिऱ्हाईक. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटू शकतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, खर्च फार नाही, हे पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं ऑगस्ट २०२५ मध्ये. तोवर ते पेट्रोल टाकीत पडून किती महिने झाले होते!

मधल्या काळात झालं काय, की पाइप कडक पडला, गाडी सकाळी उठेना, तर बोल चाचांना. "चाचा, मागच्याच महिन्यात कार्बोरेटर साफ केला होता ना?" चाळीस वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर लोक गाडी टाकून जातात, त्याला गिऱ्हाईक आता जुना पाइप हातात धरून दाखवायला लावतं. पाइप शंभर-दीडशेचा असेल. पण चाचा म्हणतात, "पैशाचं नाही रे. इंधन बदललं तर मला कुणीतरी आधी सांगायचं ना. मीच लोकांना सांगितलं असतं."

मला हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथेनॉलला चाचांचा विरोध नाही, मामूंच्या उसाला तर नाहीच. मोटोजीपीच्या कंपन्यांकडे शेकडो इंजिनिअर आहेत, तरी त्यांना अडीच वर्षं आधी कागद मिळाला. तालुक्याच्या मिस्त्रीकडे एक पाना-पेटी आणि एक शिकाऊ पोरगा, त्याला कागद मिळालाच नाही.

हा बदल इथेच थांबणार नाही. शर्यतीच्या इंधनाला खाण्याच्या पिकाचा रस चालत नाही. टाकाऊ जैविक माल, कचरा किंवा हवेतला कार्बन अशा गोष्टींपासून ते बनवायचं आहे. उद्या तीच वाट आपल्याकडे आली तर उसाच्या रसापेक्षा चिपाडाला आणि पाचटाला भाव येईल. मामूंनी पाचट जाळायचं की विकायचं, हे त्यांना आज कळायला हवं. वीसच्या पुढे आणखी इथेनॉल मिसळायचं असेल, तर कुठल्या वर्षाच्या गाडीला कुठला पाइप, कुठलं गॅस्केट लागेल, याची मराठीतली यादी आधी पंपावर लागली पाहिजे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मिस्त्रींसाठी दोन दिवसांचा वर्ग झाला पाहिजे. आणि दूधवाल्याच्या पंधरा वर्षं जुन्या गाडीला थोडी सवलत मिळाली पाहिजे, जशी मागे पडलेल्या संघाला मिळते.

यातलं काही फार महाग नाही. तारीख आधी सांगायची आणि यादी हातात द्यायची, बाकीचं काम चाचा करतात.