कंपनीची बॅटरी

मराठीत गाडीची बॅटरी तीन प्रकारे निकामी होते. ती उतरते, बसते किंवा जाते. ही तिन्ही क्रियापदे बोलताना आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. तरी भाषेने त्यांच्यात राखलेला भेद गाडीच्या बाबतीत अगदी खरा ठरतो. ताप उतरतो, विंचू उतरतो. उतरलेले पुन्हा चढू शकते. घसा बसतो, धंदा बसतो. प्रयत्नाने तो थोडाफार उठतो, पण पूर्वीसारखा क्वचितच. आणि 'गेली' म्हटल्यावर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. गॅरेजमध्ये सर्वांत अधिक ऐकू येणारे क्रियापद हेच, आणि आमच्या मते सर्वांत अधिक गैरवापर झालेलेही हेच.

नव्या गाडीबरोबर आलेली बॅटरी, जिला सगळे 'कंपनीची बॅटरी' म्हणतात, ती किती वर्षे टिकते हा आमच्या स्टाफरूममधला सनातन विषय आहे. आम्ही दोघे अमरावतीहून तालुक्याच्या महाविद्यालयात एकाच गाडीने अप-डाऊन करतो, आणि अप-डाऊन करणाऱ्या प्राध्यापकांत साहित्यापेक्षा गाड्यांविषयीच चर्चा अधिक रंगते. कोणाची अडीच वर्षांत गेली, कोणाची सात वर्षे चालली. रूढ उत्तर तीन ते पाच वर्षांचे आहे, आणि ते चूक नाही. परंतु अडीच आणि सात यांच्यामधले अंतर कशाने पडते, हे त्या उत्तरात कुठेच नाही.

या बॅटरीतले रसायन १८५९ सालचे आहे. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या वर्षी शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा विद्युतघट तयार केला. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपू लागले. (जुन्या जीपला नि अँबेसेडरला हँडल मारणारा ड्रायव्हर आमच्या पिढीनेही लहानपणी पाहिला आहे.) आजही आत तेच सहा कप्पे, प्रत्येकाचे दोनहून किंचित अधिक व्होल्ट, आणि पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर असताना मिळून सुमारे १२.६. वीज खर्च होते तेव्हा पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते. गाडी धावू लागली की अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो आणि ते सल्फेट मोडते. बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर मात्र त्या सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात आणि ते सहजासहजी मोडत नाहीत. 'बसणे' म्हणतात ते हेच असावे. पट्ट्यांच्या आतली जाळी गंजून तुटली किंवा एखादा कप्पा आतल्या आत शॉर्ट झाला, तर ती गेली.

आता उरला हवामानाचा प्रश्न. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी अधिक. उष्णतेने आतले पाणी उडते, जाळीचे गंजणे वेगाने होते. म्हणून थंड मुलखातल्या पुस्तकात लिहिलेले आयुष्य आमच्याकडे लागू पडत नाही. गंमत अशी, की मार उन्हाळ्यात बसतो आणि मरण हिवाळ्यात येते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इंजिनातले तेल घट्ट होते, रसायनाची क्रिया मंदावते, स्टार्टरला अधिक जोर हवा असतो. मे महिन्यात खचलेली बॅटरी तेव्हा हात टेकते. दोष मग थंडीला दिला जातो.

आमची गाडी २०१७ सालची. रोज जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, तेही सलग. बॅटरीला यापेक्षा सुखाचे आयुष्य नाही. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला स्टार्टरने खाल्लेली वीज परत मिळवायला वेळच मिळत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि गाडी अंगणात उभी राहिली. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, कुलपाची यंत्रणा थेंब-थेंब वीज पीत असतात. जूनमध्ये किल्ली फिरवली तर नुसते 'टक्' झाले. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने बॉनेट उघडले आणि निर्णय दिला, "गेली सर ही. तीन वर्षं झाली ना, बस झालं." लागलीच नव्या बॅटरीचा भावही सांगितला. आम्ही विचारले, मोजली का? मोजली नव्हती.

आम्ही ती काढून बसस्टँडमागच्या बॅटरीवाल्याकडे नेली. त्याने ती रात्रभर हळूहळू चार्ज केली, काही तास तशीच राहू दिली आणि मग मीटर लावला, काटा साडेबारावर. मग भार देऊन पाहिले. दहाच्या खाली गेली नाही. "उतरली होती सर, दुसरं काही नाही," तो म्हणाला. ती पुढे दीड वर्षाहून अधिक चालली, आणि गेली ती जानेवारी २०२२ च्या एका गार सकाळी, खरोखरच गेली. रात्रभर चार्ज करूनही भार घेईना.

कंपनीची बॅटरी नंतरच्या बॅटऱ्यांपेक्षा टिकाऊ असते, असा एक समज आहे. ती काही वेगळ्या शिशाची नसते. नव्या गाडीचे वायरिंग नि अल्टरनेटर धड असतात, मालकाने अजून वाढीव दिवे आणि मोठे स्पीकर जोडलेले नसतात, इतकेच. दुकानातली बॅटरी मात्र कधीकधी महिनोन्महिने फळीवर पडलेली असते आणि आपण तिचे वय बिलाच्या तारखेपासून मोजतो. तिच्यावरची निर्मितीची तारीख वाचून घ्यावी.

हे सगळे आम्ही काही हजार रुपयांसाठी लिहीत नाही. लहान गाडीच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. ते पुन्हा वितळवून वापरता येते, हा त्याचा मोठा गुण. पण हे वितळवणे पुष्कळदा वस्तीलगतच्या उघड्या भट्ट्यांवर चालते, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या रक्तात उतरते. (हे उतरणे पुन्हा सहजी चढत नाही.) युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातल्या दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचे सांगितले, आणि बॅटऱ्यांच्या अशा बेकायदा पुनर्वापराला त्याचे एक प्रमुख कारण ठरवले. जुनी बॅटरी परत घेण्याचे बंधन २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांवर घातले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले आणि जबाबदारी मुख्यतः उत्पादकांकडे गेली. न मोजता 'गेली' म्हणून काढलेली प्रत्येक बॅटरी एका भट्टीकडे वेळेआधी जाते.

जानेवारीत आम्ही नवी घेतली तेव्हा दुकानदाराने जुनी वजनकाट्यावर ठेवून किमतीतून रक्कम वजा केली. ती पुढे कुठे जाते, असे विचारल्यावर तो म्हणाला, "कंपनीची गाडी येते, नाहीतर भंगारवाला नेतो." भंगारवाल्याला देऊ नका आणि तसे बिलावर लिहून द्या, असे म्हटल्यावर तो हसला, "सर, असं कोणी मागत नाही." तरी त्याने पेन घेतले आणि बिलाच्या कोपऱ्यात लिहिले : जुनी बॅटरी जमा, कंपनीस परत.