बीमची चीर आणि काचेची पट्टी

भाजीच्या गाडीवरचा तराजू जाऊन बॅटरीचा काटा आला, त्याला आता बरीच वर्षे झाली. आपण पाव किलो मिरच्या टाकतो, लाल आकडे धावतात आणि थांबतात. आत ना वजने, ना पारडी. असतो फक्त ॲल्युमिनियमचा एक ठोकळा आणि त्याला चिकटवलेल्या नखाएवढ्या पट्ट्या. मिरच्यांच्या भाराने तो ठोकळा वाकतो. डोळ्याला दिसणार नाही इतका, पण वाकतोच! त्याबरोबर पट्टीतली नागमोडी तार ताणली जाते, लांब आणि बारीक होते, आणि तिच्यातून वीज थोडी अडखळत जाते. तो फरक मोजला की वजन कळले.

ताणलेली तार विजेला जास्त विरोध करते, हे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या विल्यम टॉमसन यांनी 1856 मध्येच दाखवले होते. चिकटवायची पट्टी मात्र 1938 मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी स्वतंत्रपणे शोधली. तिला म्हणतात स्ट्रेन गेज.

माझी आणि तिची ओळख झाली ती नोएडातल्या आमच्या फ्लॅटमुळे. बैठकीच्या खोलीतल्या बीमला एक तिरपी चीर दिसू लागली. बिल्डरचा माणूस आला, बोटाने टकटक करून म्हणाला, "प्लास्टर का है, मॅडम." शेजारीण म्हणाली, वॉलपेपर लावून टाक, बाहेर बोलू नकोस. तिच्या मुलीचे लग्न त्यांचा दुसरा फ्लॅट विकण्यावर अडले होते, तेव्हा तिचेही काही चुकत होते असे नाही. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी आपला दिवाण बीमखालून सरकवून घेतला.

मला राहून राहून गुडगाव आठवत होते. 10 फेब्रुवारी 2022 रोजी तिथे सेक्टर 109 मधल्या एका उंच इमारतीत सहाव्या मजल्यावर सुरू झालेली पडझड थेट पहिल्या मजल्यापर्यंत आली आणि दोन महिलांचा बळी गेला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमधल्या क्लोराइडमुळे आतल्या सळया गंजल्याचे निघाले. बाहेरून चकचकीत इमारत होती ती!

शेवटी खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर काका बॅटरी आणि भिंग घेऊन वर आले. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र नाही, असे त्यांनी समजावले. मीटरमागे मिलिमीटरचा साधारण दहावा हिस्सा ताणले की ते तडकते; म्हणून तर पोटात सळया घालतात. तेव्हा प्रत्येक चीर जीवघेणी नसते. प्रश्न एवढाच, की ती वाढते आहे का? त्यांनी चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने बसवली आणि तारीख लिहिली. काच फुटली तर चीर जिवंत आहे.

"पण किती वाढली, ते काच सांगणार नाही," मी म्हटले. "मग तो गेजच लावू या."

काकांनी त्यातली मेख सांगितली. गेज चिरेवरच चिकटवला तर फाटतो; तो शेजारच्या अखंड भागावर लावायचा. आणि तो हिशेब सांगतो लावल्या दिवसापासूनचा. बीमने त्याआधी काय काय सोसले, ते त्याला ठाऊक नसते. म्हणूनच मोठ्या पुलांत काँक्रीट ओततानाच गेज आत पुरतात. त्यातला एक प्रकार मला फार आवडला: ताणून बसवलेली पोलादी तार, तिला विद्युतचुंबकाने छेडायचे आणि तिचा सूर मोजायचा. ताण वाढला की सूर चढतो. चक्क तंबोराच की!

दिल्लीकडच्या हवेची भानगड वेगळीच. जानेवारीतली पहाट चार-पाच अंशांची, मेमधली दुपार पंचेचाळीसची. चाळीस अंशांच्या फरकाने मोकळे काँक्रीट मीटरमागे सुमारे 0.4 मिलिमीटर वाढते. तापमान सोबत नोंदवले नाही, तर उन्हाळ्याचा फुगवटा भाराचा ताण म्हणून वाचला जायचा. "एक महिन्याचे आकडे कुणी आणून दिले तर घेऊ नका, वर्षभराचे मागा," काका म्हणाले.

सोसायटीच्या सभेत खर्चावरून दोन तास भांडण झाले. लिफ्टमध्ये आरसे बसवायला पैसे निघतात आणि बीमसाठी निघत नाहीत, याचा मला खरोखर राग आला आणि मी तो बोलून दाखवला. चार बीमवर वर्षभर गेज लावायचा ठराव अखेर नऊ विरुद्ध सात मतांनी झाला. विरोधातल्या सातांत शेजारीणही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांच्या दारात उभी होती, तिच्या बीमसाठी काचेची पट्टी मागायला.