फरीदाबादचे जनुकसंच आणि एक हॅश चिन्ह

फरीदाबादच्या रिजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीत १० नोव्हेंबर २०२२ रोजी इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर राष्ट्राला अर्पण झाले, तेव्हा बातम्यांत गाजला तो साठवणक्षमतेचा आकडा: सुमारे ४ पेटाबाइट, म्हणजे ४० लाख गिगाबाइट. जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील १०,००० भारतीयांचे जनुकसंच तेथूनच संशोधकांना खुले झाले. (खुले म्हणजे मागेल त्याला नव्हे, आधी प्रस्ताव, मग मंजुरी.)

माणसामाणसांतील जनुकीय फरक ज्या व्हीसीएफ फाइलमध्ये नोंदवतात, ती मात्र साधी मजकुराची फाइल असते: एका ओळीत एक स्थान, स्तंभांमध्ये टॅब. दूरच्या यंत्रावरून ती आणणे अवघड नाही. चेकसम जुळला की ती वाटेत बिघडलेली नाही, याची खात्री पटते. खरी पडझड पुढे, संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये ती वाचताना होते, आणि तीही मुकाट्याने.

‘आर’मधील ‘रीड.टेबल’ हे फंक्शन, वेगळे सांगितले नाही तर, हॅश चिन्हापुढील मजकूर टिप्पणी समजून वगळते. व्हीसीएफच्या आरंभीच्या माहितीच्या ओळी दोन हॅशनी सुरू होतात. त्या गेल्याने आकडेमोडीचे फारसे बिघडत नाही. परंतु स्तंभांची नावे देणारी ओळही एका हॅशने सुरू होते आणि नमुन्यांची ओळख तिच्यातच असते. ती गेली की कोणाचा जनुकीय फरक कोणाच्या रक्तशर्करेशी ताडायचा, हे सांगणारे फाइलमध्ये काहीच उरत नाही. शिवाय विद्यार्थ्याने ‘पहिली ओळ शीर्षकाची’ असे कळवले असेल, तर पहिला खराखुरा फरकच शीर्षक म्हणून गिळला जातो.

दुसरा प्रकार अधिक विलक्षण. मोजक्या स्थानांचा उतारा घेतला आणि एखाद्या स्तंभात केवळ थायमिनचा ‘टी’ आला, तर ‘आर’ त्याला ‘ट्रू’चे लघुरूप मानते, थायमिन ‘सत्य’ होऊन बसते! सर्व स्तंभ अक्षररूपात वाचण्याची सूचना दिली की हे टळते. एक्सेलने तर ‘मार्च१’ या जनुकाची तारीख करून टाकण्याचा इतका उच्छाद मांडला, की २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने त्याचे नाव ‘मार्चएफ१’ असे बदलले. माघार जनुकाने घेतली.

मूळ यंत्रावर हॅशने सुरू न होणाऱ्या ओळी मोजाव्यात आणि वाचलेल्या तक्त्यातील ओळींशी ती संख्या ताडून पाहावी. काम दोन मिनिटांचे आहे. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत बहुधा स्वच्छ केलेले तक्ते हाती दिले जातात, त्यामुळे अशा मोजणीची वेळच येत नाही. एखाद्या सत्रात तरी विद्यार्थ्यांना कच्ची फाइल द्यावी, हॅशसकट.