लाल पेन

मला छंद एकच, पुस्तकांचा. आणि तो घरातल्या माणसांना महागात पडला आहे. दिवाळी जवळ आली, की फराळाचे डबे ठेवायला जागा हवी म्हणून आमची ही माझ्या कपाटाकडे बघू लागते आणि मी कपाटाला पाठ लावून उभा राहतो. "ह्या पुस्तकांनी मला घडवलं आहे," असे दरवर्षी म्हणतो. कुठल्या पुस्तकाने, असे तिने विचारले असते, तर आगरकरांचे निबंध, फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' अशी भारदस्त नावे मी घेतली असती. खरे उत्तर निराळे आहे.

आठ वर्षांपूर्वी आई आमच्याकडे राहायला आली. तिची शाळा सातवीतच सुटलेली. एका दुपारी म्हणाली, "अरे, मला कळेल असं एखादं पुस्तक दे की."

मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. १९३४ पासून चार भागांत निघालेले हे आत्मचरित्र मी वर्गात कितीदा तरी शिकवले होते. आई ओळीवर बोट ठेवून वाची. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याची हकिगत वाचून खुदकन हसली. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले नि लक्ष्मीबाई एकट्या पडल्या, तिथे आली तेव्हा मात्र तिने चष्मा काढून ठेवला.

पुस्तक संपल्यावर विचारले, "ही शाळेत किती शिकली रे?"

"शाळेत गेल्याच नाहीत. लग्नानंतर टिळकांनी अक्षरं शिकवली."

आई काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी नातीची एक अर्धी कोरी वही तिने माझ्यापुढे ठेवली. चार पाने लिहिली होती. माहेरची विहीर, धाकट्या भावाचा गोवर, शाळा सुटली तो दिवस. मी पडलो मास्तर! खिशातले लाल पेन आपोआप बाहेर आले. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, 'व्हता'चे 'होता' केले, नि "छान आहे हं" म्हणून वही परत दिली.

पाचवे पान तिने लिहिले नाही. मी आग्रह केला तेव्हा एवढेच म्हणाली, "राहू दे. तुलाच त्रास."

आई जाऊन तीन वर्षे झाली. लक्ष्मीबाईंच्या साध्या, बोलक्या मराठीचे वर्गात कौतुक करताना मी अजून मधेच अडखळतो. मुलांना वाटते, सर मुद्दा विसरले. त्यांचे निबंध मात्र हल्ली आधी सबंध वाचतो. लाल पेन मागाहून काढतो.

यंदा डब्यांसाठी मी आपणहून एक खण रिकामा करून दिला. आगरकर माळ्यावर गेले. 'स्मृतिचित्रे' आणि तिच्याशेजारची ती वही जागची हलली नाही.