साध्या कुर्त्याला खणाचा खिसा

बायकांच्या तयार कुर्त्यांना बहुधा खिसा नसतो; असला तर त्यात रुमालापलीकडे फारसं काही मावत नाही. साधा कपडा आपलासा करायचा तर घरी शिवणाऱ्यांनी या उणिवेपासूनच सुरुवात करावी. शोभेची लेस कुठेही लावता येते. पण कपड्याला जिथे काही हवं आहे तिथे जोडलेला तुकडा रोज उपयोगी पडतो, आणि म्हणून तो कपडा पुन्हा पुन्हा कपाटातून बाहेर निघतो.

तुकडा शोधायला लांब जावं लागत नाही. ओटीत आलेले खण घरोघरी साठलेले असतात आणि पुष्कळदा पुढच्या ओटीत तसेच दुसऱ्या घरी जातात. त्यात एखादा गुळेदगुड्डचा निघाला तर भाग्यच. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या या गावचं कापड चोळी आणि परकर-पोलक्याच्या रूपाने महाराष्ट्रात घरचंच झालं. अंगभर बारीक नक्षी आणि कडेला काठ ही त्याची ठेवण. खिशाचं तोंड काठावर घेतलं की तिथे दुमड घालावी लागत नाही, कारण विणलेली कड उसवत नाही. बाकीच्या तीन बाजूंची सुतं मात्र भराभर सुटतात. त्या अर्धा इंच आत दुमडून इस्त्री फिरवावी आणि मगच टीप मारावी.

कात्री हातात घेण्याआधी कुर्ता आणि खण दोन्ही पाण्यातून काढावेत. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. खणात रेशीम किंवा कृत्रिम रेशमाचा धागा असेल तर तो तेवढाच आटेल असं नाही, आणि मग शिवलेला खिसा फुगून बसू शकतो. ओला खण पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. फडक्याला रंग लागला तर त्या खणाने पांढऱ्या कुर्त्याच्या वाटेला जाऊ नये.

जागा ठरवायची ती कुर्ता अंगात घालून, आरशासमोर. हात सैल सोडला की मनगट येतं त्या उंचीवर खिशाचं तोंड, रुंदी सहा इंच, खोली सात. मोबाइल ठेवल्यावर सगळा भार तोंडाच्या दोन कोपऱ्यांवर येतो. पुरुषांच्या शर्टाच्या खिशाला त्याच कोपऱ्यांत छोटा त्रिकोण शिवलेला असतो. इथेही तो हवाच. कुर्त्याचं कापड झिरझिरीत असेल तर आतून त्या जागी सुती तुकडा जोडावा.

गळ्याला गोट लावायचा असेल तर पट्टी उरेब कापावी. कापडाचे उभे-आडवे धागे ताणले जात नाहीत. 45 अंशांत तिरकी कापलेली पट्टी ताणली जाते, म्हणून ती गोल गळ्यावर सुरकुती न पडता बसते. सरळ पट्टीने गळा चुण्यांनी भरतो. उरेब कापणं ही सोपी गोष्ट, पण तिच्यामुळे घरचं शिवण आणि सफाईचं शिवण यांतला फरक दिसतो.

मशीन नसलं तरी अडत नाही; हाताचा टाका पुरतो. जपानच्या उत्तरेकडच्या त्सुगारू भागात एदो काळात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला मनाई होती. ताग-अंबाडीसारख्या तंतूंचं विरळ कापड थंडीला पुरेना, तेव्हा बायकांनी निळ्या कापडाच्या धाग्यांमधून पांढरा दोरा भरला. कापड ऊबदार आणि टिकाऊ झालं, शिवाय त्यावर चौकटींची नक्षी उमटली. या कामाला कोगिन म्हणतात. त्यामागचा टाका म्हणजे धावदोराच, आपल्या गोधडीतला! भरतकामाच्या लडीतल्या सहा पदरांपैकी दोन-तीन घेऊन हाच टाका शर्टाच्या कफांवर किंवा झिजलेल्या कोपरांवर घालता येतो.

एका कपड्यावर एकच बदल करावा. खिसाही खणाचा, गळाही खणाचा आणि घेरालाही खण असं केलं की साधा कुर्ता साधा राहत नाही, आणि खिशाकडे कुणाचं लक्षही जात नाही.

हौसेपायी धडधाकट पैठणी कापून जाकिटं शिवण्याची पद्धत मात्र सोडून द्यायला हवी. हातमागावर जिच्यासाठी कित्येक आठवडे, कधी महिने जातात, तिला कात्री लावू नये. जुन्या, विरलेल्या साड्या त्यासाठी आहेत. मधलं अंग विरून गेलं तरी त्यांचे काठ पुष्कळदा शाबूत असतात.