गोठवलेली कोंबडी आणि आखातातला ओटा

संयुक्त अरब अमिरातीत घरोघरी शिजणारी बरीचशी कोंबडी समुद्रमार्गे येते, आणि तीही मुख्यतः ब्राझीलहून. दक्षिण ब्राझीलच्या पारानाग्वा किंवा इताजाई बंदरात कंटेनरमध्ये भरलेला माल उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात आठवडेच्या आठवडे प्रवास करून जेबेल अलीला उतरतो. तिथून तो लुलू, कारफूर, युनियन कोऑपच्या फ्रीजरमध्ये जातो आणि ८०० ते १३०० ग्रॅमच्या पिशव्यांमधून गिऱ्हाइकाच्या हाती पडतो. अल ऐन, अल रवदा अशा इथल्याच कंपन्यांची ताजी, नुसती थंड केलेली कोंबडीही मिळते. पण ती महाग, आणि महिन्याचा बाजार एकदम भरणाऱ्यांना गैरसोयीची. महाराष्ट्रात चिकन डोळ्यांदेखत कापून घेण्याची सवय असते. त्यामुळे पिशवीतला हा टणक गोळा शिजवण्याजोगा कसा करायचा, हे बहुतेक मराठी कुटुंबांना इथे आल्यावरच शिकावे लागते, आणि ते शिकवायला घरातले कोणी जाणते जवळ नसते.

बंदरात आणि हॉटेलांत तपासणी होते. अन्नसुरक्षेसाठी २०१५चा संघराज्य कायदा आहे. दुबईत नगरपालिकेचा अन्नसुरक्षा विभाग आणि अबुधाबीत कृषी व अन्नसुरक्षा प्राधिकरण त्यावर लक्ष ठेवतात. घरचा ओटा मात्र कोणी तपासत नाही. सांभाळून आणलेला गारवा शेवटच्या टप्प्यावर तिथेच वाया जातो.

गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते. ते सगळे मरतात असे नाही. कच्च्या कोंबडीवर सर्वाधिक आढळणारे दोन रोगजंतू म्हणजे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर. साल्मोनेलाची वाढ ५ अंशांखाली जवळजवळ थांबते, तर ३७ अंशांच्या आसपास ती सर्वांत वेगवान असते. अनुकूल परिस्थितीत हे जंतू अर्ध्या तासाच्या आतच दुप्पट होतात. अर्धा तास धरला तरी चार तासांत एकाचे २५६ होतात. कॅम्पिलोबॅक्टर ३० अंशांखाली वाढत नाही, पण आजारी पाडायला त्याचे काही शे जंतूही पुरतात. म्हणूनच ५ ते ६० अंशांचा पट्टा धोक्याचा मानला जातो. कोंबडी या पट्ट्यात कमीत कमी वेळ राहावी, एवढ्यासाठीच पुढचे सगळे नियम आहेत.

कोंबडी गोठायला लागतो त्यापेक्षा तिचा बर्फ सुटायला जास्त वेळ लागतो, आणि त्याला कारण आहे. बर्फ पाण्याच्या सुमारे चौपट उष्णता वाहून नेतो. गोठताना बाहेरचा थर बर्फाचा असतो, त्यातून आतली उष्णता झपाट्याने निघून जाते. बर्फ सुटताना उलट होते: बाहेरचा थर मऊ, ओल्या मांसाचा बनतो आणि तोच बाहेरची उष्णता आत जायला अडवतो. शिवाय एक किलो बर्फाचे पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, आणि कोंबडीच्या वजनात दोन तृतीयांशांच्या आसपास पाणीच असते. परिणामी ओट्यावर ठेवलेल्या अख्ख्या कोंबडीच्या पोटात बर्फ असतानाच पंख आणि तंगड्या खोलीच्या तापमानाला कधीच पोहोचलेल्या असतात. आतल्या बर्फाला हात लावून ‘अजून गारच आहे’ असा निष्कर्ष काढणे इथेच चुकते.

ओट्यावर किंवा सिंकमध्ये कोंबडी काढून ठेवण्याची पद्धत कोणत्याही देशात गैर. अमिरातीत ती घातक आहे. कच्चे मांस बाहेर दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नको, असा अमेरिकी कृषी खात्याचा दंडक आहे. एसी २४ अंशांवर चालू असलेल्या खोलीतही दोन तासांची मर्यादा सुटत नाही. प्रत्यक्षात माणसे सकाळी सातला कोंबडी सिंकमध्ये टाकतात, एसी बंद करून कामाला जातात आणि संध्याकाळी सातला येऊन फोडणी देतात. मे ते सप्टेंबर या महिन्यांत बंद घर चांगलेच तापते. हे बारा तास कोणत्याही मसाल्याने भरून निघत नाहीत. चांगले शिजवले की सगळे मरते, हा युक्तिवादही अपुरा आहे, कारण स्टॅफिलोकॉकससारखे काही जंतू वाढताना जे विष सोडतात ते उकळूनही टिकते.

दुसरी सर्वज्ञात रीत म्हणजे गार पाणी. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट उष्णता वाहून नेते, त्यामुळे किलोभराची कोंबडी पाण्यात दीड-दोन तासांत मोकळी होते. पिशवी घट्ट बंद हवी, कोंबडी पूर्ण बुडलेली हवी आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदलायला हवे. थंड देशांतल्या पाकपुस्तकांत इथेच ‘नळाखाली धरा’ असे सोपे वाक्य येते. अमेरिकेच्या अन्नसंहितेत या वाहत्या पाण्याला २१ अंशांची कमाल मर्यादा आहे. दुबई-शारजात उन्हाळ्यात गार नळाचे पाणी छतावरच्या टाकीत तापून आलेले असते. दुपारी त्याखाली हात धरवत नाही. कित्येक घरांत या दिवसांत गीझर बंद ठेवतात, म्हणजे आत साठलेले पाणी खोलीच्या तापमानाला येते आणि आंघोळीचे ‘गार’ पाणी गरम नळातून घ्यावे लागते. टाकीतून आलेल्या अशा चाळीस अंशांच्या पाण्यात कोंबडी बुडवणे म्हणजे जंतूंना हवे तेच तापमान देणे. म्हणून इथे ही रीत बदलून वापरावी लागते. मोठ्या पातेल्यात फ्रीजमधले पाणी घ्यावे, त्यात बर्फाचे खडे टाकावेत, आणि खडे विरघळून गेले की पाणी बदलावे. वेळ थोडा जास्त लागतो, पण कोंबडीचा बाहेरचा भाग गार राहतो. गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारच्या चिकनलाही हेच लागू, कारण सप्टेंबरातही टाकीचे पाणी निवलेले नसते. डिसेंबर ते फेब्रुवारीत नळाचे पाणी पुष्कळ गार असते. तरी ते थर्मामीटरने एकदा तपासलेले बरे.

सर्वांत भरवशाची जागा फ्रीजच. किलो-सव्वा किलोच्या कोंबडीला २४ तास धरावेत. बोनलेसचे चपटे पाकीट रात्रभरात मोकळे होते. टर्कीसारख्या मोठ्या पक्ष्याला दर दोन किलोंमागे एक दिवस लागतो. पिशवी खोलगट भांड्यात ठेवून ते सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे. बर्फ सुटताना जो गुलाबी द्रव गळतो ते रक्त नव्हे; ते मांसातले पाणी आणि त्यात विरघळलेली प्रथिने. पण त्यात जंतू असतातच, आणि वरच्या कप्प्यातून तो कोथिंबिरीवर किंवा दह्यावर टपकला तर पुढे त्या वस्तू शिजणारच नसतात. पोटात हृदय-यकृताची पुडी असेल तर बर्फ सुटताच ती काढून घ्यावी. फ्रीज ५ अंशांखाली आहे ना, हे आतल्या छोट्या थर्मामीटरने पाहावे. दुबईतल्या करामा, अल नाहदा किंवा शारजातल्या रोलामधल्या भागीदारीच्या फ्लॅटमध्ये, जिथे एकच फ्रीज पाच-सहा जण सतत उघडतात आणि तो काठोकाठ भरलेला असतो, तिथे नुसते आकड्याचे बटण पाहून भागत नाही. अशा घरांत प्रत्येक पाकिटावर नाव आणि खाली काढल्याची तारीख लिहिली तर वादही टळतात.

फ्रीजमध्ये मोकळी झालेली कोंबडी शिजवण्याआधी आणखी एक-दोन दिवस तिथेच राहू शकते. हळद-मीठ, आले-लसूण, दही लावायचे ते याच वेळात, झाकणाच्या डब्यात आणि फ्रीजमध्येच लावावे. बेत बदलला तर ती कच्चीच परत गोठवताही येते, फक्त मांसातले पाणी जाऊन ते थोडे कोरडे होते. पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये डिफ्रॉस्ट केलेली मात्र शिजवल्याशिवाय परत फ्रीजरमध्ये ठेवू नये.

मायक्रोवेव्हचे काम घाईचे. मायक्रोवेव्हच्या लहरी बर्फापेक्षा द्रव पाणी कितीतरी जास्त शोषते, त्यामुळे जिथे आधी पाणी सुटते तिथेच उष्णता साचते. पंखांची टोके पांढरी पडून शिजू लागतात आणि छातीच्या आत अजून बर्फ असतो. अशी कोंबडी लगेच, त्याच खेपेला शिजवावी. वेगळे गोठवलेले तुकडे थेट रश्श्यात टाकायलाही हरकत नाही. वेळ सुमारे दीडपट धरावा. गरम तेलात मात्र बर्फाचा तुकडा सोडू नये, तेल अंगावर उडते.

कोंबडी तीन-तीन पाण्यांनी धुण्याची सवय मराठी घरांत फार घट्ट आहे. नळाच्या धारेखाली धुताना जंतूंचे तुषार ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या काकडीवर उडतात. म्हणूनच ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ साली कच्ची कोंबडी धुऊ नका अशी मोहीम चालवली. टिश्यूने टिपून घेणे पुरेसे आहे. धुतल्याशिवाय मन मानतच नसेल तर खोल भांड्यात हलक्या हाताने धुवावी आणि लगेच सिंक, ओटा, हात साबणाने स्वच्छ करावेत.

शिजल्याची खूण रंग नव्हे. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसलेल्या थर्मामीटरवर ७४ अंश दिसले पाहिजेत. गोठवलेल्या कोंबडीत हाडाजवळचे मांस पुष्कळदा काळपट-तांबूस राहते आणि ते पाहून पानावरचा तुकडा बाजूला सारला जातो. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा असतो, त्याची हाडे सच्छिद्र असतात आणि गोठताना मज्जेतले रंगद्रव्य बाहेर झिरपते. ७४ अंश गाठले असतील तर असा तुकडा खायला निर्धोक आहे.

या साऱ्याची सुरुवात दुकानातच होते. पिशवीच्या तळाशी गुलाबी बर्फ थिजलेला दिसला तर ती कोंबडी वाटेत कुठेतरी सुटून पुन्हा गोठलेली असण्याची शक्यता असते. ती घेऊ नये. फ्रीजरमधल्या वस्तू सर्वांत शेवटी घ्याव्यात, उन्हाळ्यात गाडीत थंड राहणारी पिशवी ठेवावी आणि वाटेत दुसरे काम काढू नये.

अन्न टाकून देणे आपल्या संस्कारात बसत नाही, आणि ते योग्यच आहे. पण विसरून बाहेर राहिलेली कोंबडी नेमकी किती वेळ बाहेर होती हे घरात कोणालाच सांगता येत नसेल, तर ती शिजवू नये. वास चांगला येतो म्हणून ठेवू नये, कारण साल्मोनेलाला वास नसतो. लहान मूल, गरोदर बाई किंवा भारतातून भेटीला आलेले आईवडील पंगतीला असतील तर अशा वेळी क्षणभरही विचार करू नये. ती कोंबडी टाकून द्यावी.